कांतरंग

पंडित राधेश्यामजींनी भालचंद्रबुवांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावला आणि उमाने नजर दुसरीकडे वळवली. गुरूचं नाव घेताना कान धरायची रीत आहे, ते खरं. पण बुवा हयात असताना हा माणूस जालन्यात दहादा येऊनही त्यांच्या दाराशी फिरकला नव्हता. आता बुवांच्या पुण्यतिथीच्या समारोहात, बियाणे कंपनीच्या भल्यामोठ्या बॅनरखाली, त्याला एकदम गुरुभक्तीचं भरतं आलं होतं.

उमा त्याच्यामागे तानपुरा घेऊन बसली होती. बुवांकडे उमेदीची सगळी वर्षं घालवून शिकलेल्या बाईला तारा छेडायला बसवलं होतं. तिने तोही अपमान गिळला, कारण पंडितजी बुवांची मारवा रागातली बंदिश गाणार होते आणि पहिल्या रांगेत बुवांच्या पत्नी, कांताबाई, येऊन बसल्या होत्या.

रचनाकार बंदिशीच्या अंतऱ्यात आपलं टोपणनाव गुंफतो, त्याला मुद्रा म्हणतात. बुवांची मुद्रा होती ‘कांतरंग’. उभ्या जन्मात या गृहस्थाने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारली नाही. काय बोलायचं ते अंतऱ्यातच बोलले. कांताबाईंना रागातलं ओ की ठो कळत नसे, पण त्या एका शब्दासाठी त्या दरवर्षी यायच्या. यंदा त्यांचे कान झपाट्याने निकामी होत चालले होते. पुढच्या वर्षी काही ऐकू येईल, याचा भरवसा नव्हता.

अंतरा सुरू झाला. कांताबाई पदर सावरून पुढे वाकल्या. पंडितजी डौलात समेवर आले आणि गायले, ‘श्यामरस’. ही तर त्यांची स्वतःची मुद्रा!

उमाला शिसारी आली. दुसऱ्याचं ताट ओढून जेवायचं आणि वर ढेकर द्यायचा, तशातली ही गत. तिने विंगेत पाहिलं. बुवांचा मुलगा वरद तिथे मान डोलवत उभा होता. नजरानजर होताच त्याने फोनात डोकं घातलं. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं.

तानपुऱ्यावरच्या शिष्येने मागून सूर भरायचा असतो. पुढच्या आवर्तनात उमाने तो भरला आणि खणखणीत आवाजात गायली, ‘कांतरंग’.

“बाई, फक्त तारा छेडा,” पंडितजी मान न वळवता गुरगुरले. वरदने खूण केली आणि उमापुढचा माईक बंद झाला.

खाली कांताबाई शेजारणीला विचारत होत्या, “झालं का? मला तर न्हाई आलं ऐकू.”

चालू मैफलीत तानपुरा खाली ठेवणं म्हणजे घोर अपराध. उमाने तो ठेवला आणि पायऱ्या उतरली. वरद आडवा आला.

“उमाताई, काय तमाशा करून राह्यल्या? नाव कुणाचं का असेना, बंदिश तर जगली ना?”

“सरक बाजूला. बापाचं नाव देऊन टाकलंस, मंग आईला तरी विचारायचं होतंस.”

तिने कांताबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि अख्खा अंतरा म्हटला. त्या शब्दावर म्हातारीने तिचं मनगट घट्ट धरलं. वर तानपुऱ्याविना पंडितजींचा आवाज उघडा पडला होता.

“हेच. हेच ते,” कांताबाई म्हणाल्या. मग मंचाकडे बोट करून, कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात त्यांनी विचारलं, “मंग हा इतका वेळ काय म्हणून राह्यला?”