तळ्याकाठचं दार

“अजून दोन दिवस, डेल. दोनच,” व्हर्नाबाई म्हणाल्या. बागेच्या शौचगृहातून नवऱ्याला धरून त्या बाहेर येत होत्या आणि मी दाराशी नळांत हवा मारायचा कॉम्प्रेसर घेऊन उभा होतो.

“आज रात्री पाणी गोठणार आहे. नळांतलं पाणी आजच काढायला हवं. आणि गेल्या वर्षीचं विसरलात?”

 गेल्या वर्षी त्यांच्याच शब्दाखातर मी हे शौचगृह चार दिवस उशिरा बंद केलं. भिंतीतला पाइप फुटला आणि दुरुस्ती होईपर्यंत जून उजाडला. भलं करायला गेलो आणि त्यांचा अख्खा वसंत वाया घालवला. नगरपालिकेतल्या माझ्या साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मिनेसोटातल्या आमच्या गावात तळ्याकाठी हे एवढंच पक्कं शौचगृह. त्यांच्या नवऱ्याने, आर्व्हिडने, चाळीस वर्षं शाळेची बस चालवली. आता त्याला बायकोचं नावही कधीकधी आठवत नाही. पण रोज तळ्यावर चालून आला की जेवतो, झोपतो. हिवाळ्यात घरी कोंडला की खिडक्या बडवतो. त्याला दर अर्ध्या तासाला जावं लागतं, आणि फाटकाजवळच्या फिरत्या शौचालयाच्या प्लास्टिकच्या खोक्यात तो काही केल्या शिरत नाही.

“हिवाळ्यातही उघडं ठेवा म्हणून नगरपालिकेला लिहिलंत?”

“तीनदा. एप्रिलमध्ये उघडतील म्हणे. आता आर्व्हिडला सांगते, बाबा रे, एप्रिलपर्यंत धर!” त्या हसल्या, मग म्हणाल्या, “निदान आज आम्ही परत येईपर्यंत तरी थांब. अर्ध्या तासात येतो.”

“थांबतो.”

मी तासभर थांबलो. साहेबांचे दोन फोन आले. अंधाराआधी आणखी तीन बागा उरकायच्या होत्या. शेवटी नळांत हवा मारली, भांड्यांत गोठण रोखणारं गुलाबी औषध ओतलं आणि कुलूप लावलं.

सामान ट्रकमध्ये ठेवतोय तोच ती दोघं आली. व्हर्नाबाई त्याला जवळजवळ ओढत होत्या. “बदकं बघत बसला, उठेचना!”

पाणी नसलं तर नसलं, दार तर उघडता येत होतं. मी धावलो. पण बोटं गारठलेली, जुडग्यात किल्ल्या वीस. आर्व्हिड शहाण्यासारखा मागे उभा राहिला.

“आत कुणी आहे का?” त्याने अदबीने विचारलं.

कुलूप निघालं तेव्हा त्याच्या पँटवरचा काळा डाग गुडघ्यापर्यंत उतरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्हर्नाबाईंनी अंगातला लांब कोट काढला, त्याला घातला आणि खाली वाकून शेवटच्या बटणापर्यंत लावला.

“ट्रकमध्ये बसा. सोडतो घरी.”

“नको. तुझी सीट खराब होईल.” त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. “घर काय, इथेच तर आहे.”

घर टेकडीच्या पलीकडे होतं. नुसत्या स्वेटरवर त्या चढ चढू लागल्या, त्याच्या चालीने, अगदी सावकाश.