हिल्काने वळवलेला कळप

ओइवा दर शरदात भावाबरोबर उत्तरेकडच्या डोंगरांत चालायला जायचा. यंदा भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि ओइवा तोंड पाडून बसला. ते बघवेना म्हणून त्याची बायको हिल्का बटाटे सोलता सोलता म्हणाली, "मी येते की."

ओइवाला नाही म्हणवेना, आणि हो म्हणायचा धीर होईना. इतक्या वर्षांच्या संसारात हिल्का एकदाही तंबूत झोपली नव्हती. औलू शहरातल्या एका शाळेचं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली होतं, आणि सुट्टी मिळाली की बहिणीकडे जायचं, तळ्याकाठच्या सौनात वाफ घेऊन घाम काढायचा, एवढीच तिची हौस. शेवटी दोघं निघाली. जड ते सगळं ओइवाने आपल्या सॅकमध्ये कोंबलं, आणि हिल्काच्या सॅकमध्ये फक्त तिचे कपडे, पाव आणि कॉफी ठेवली.

पहिल्या दिवशी त्याने तिला जागोजागी विचारलं, दमलीस का, पाय दुखतात का, थांबायचं का. हिल्का दमली नव्हती. ती चालता चालता झुडपांवरच्या ब्लूबेरी खात होती. पायाखालची खुरटी झुडपं लालभडक झाली होती, डोंगरांच्या उतारांवर कुणी निखारे पसरून ठेवावेत तशी. एवढी वर्षं हा माणूस हे सगळं भावाबरोबर बघत होता आणि घरी येऊन फक्त "हवा बरी होती" म्हणत होता, याचा तिला थोडा रागही आला. संध्याकाळी तंबू ठोकताना ओइवाच जास्त वाकला होता. तिने त्याच्या पाठीला तेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी वाटेत ओढा लागला. वर कुठे तरी पाऊस झाला असावा, पाणी चढलं होतं. हिल्काने बूट काढून गळ्यात अडकवले, पँट गुडघ्यांवर दुमडली, आणि काठीने तळ चाचपत हळूहळू पार झाली. ओइवा मात्र हसला. या ओढ्यातला दगडन् दगड आपल्या ओळखीचा आहे, असं सांगून त्याने पहिल्या दगडावर उडी टाकली, मग दुसऱ्या, आणि तिसऱ्या दगडाने काही ओळख दाखवली नाही. ओइवा सॅकसकट पाण्यात बसला. पाणी छातीपर्यंत आलं आणि तो तसाच बसून राहिला, बसमध्ये सीट मिळाल्यासारखा.

हिल्का आधी घाबरली. तो धडपडत काठाला आला, सगळे हातपाय जागेवर आहेत असं दिसलं, आणि मग तिला असं हसू फुटलं की तिला खालीच बसावं लागलं. ओइवा पाचेक मिनिटं फुगून होता. मग त्यालाही आवरेना.

तिने वाळक्या काटक्या गोळा करून जाळ केला आणि किटली चढवली. त्याचे कोरडे कपडे आता कोरडे राहिले नव्हते, म्हणून तिने त्याला आपला लोकरी स्वेटर चढवला. खाली लांब चड्डी, पायांत तिचेच मोजे, आणि पँट काठीवर वाळत. असा थाट करून ओइवा कॉफी पीत होता तेव्हा टेकाडावरून चार चाकांची मोटारसायकल घरघरत आली.

चालवणारी बाई सामी जमातीची होती, त्या भागात रेनडिअर पाळणाऱ्या लोकांतली. बिरेत तिचं नाव. ओइवाच्या अवताराकडे तिने एकदाच पाहिलं आणि कामाचं बोलायला लागली. मागून कळप येतोय, गोठणाच्या कुंपणात न्यायचाय, माणसं कमी पडताहेत. ओढा आणि टेकाड यांच्यामधली फट उघडी आहे. जनावरं तिथून निसटली तर पुन्हा गोळा करायला आठवडा जाईल.

"तुम्ही दोघं तिथे उभे राहाल का?" तिने विचारलं. "हात पसरायचे. पळायचं मात्र नाही."

"मी पँट घालतो," ओइवा म्हणाला.

"तेवढा वेळ नाही," बिरेत म्हणाली, आणि गेलीसुद्धा.

दोघं त्या फटीकडे धावली. ओइवा ओढ्याच्या बाजूला, हातात ओली पँट झेंड्यासारखी धरून. हिल्का टेकाडाच्या बाजूला, हातात भांड्याचं झाकण आणि चमचा. आधी कानावर आला तो नुसता टकटक आवाज, कुणी असंख्य काड्या मोडत असल्यासारखा. चालताना रेनडिअरच्या घोट्यांतल्या शिरा अशा वाजतात. मग टेकाडाआडून करडी, तपकिरी, पांढरी लाट आली, वर शिंगांचं रान. ओइवा पँट फिरवत ओरडत होता, त्याच्या बाजूची जनावरं वळली. पण एक दांडगा नर कळप सोडून थेट हिल्काकडे निघाला आणि त्याच्यामागे आणखी काही.

तिला झाकण वाजवायचं सुचलं नाही. तिने दोन पावलं पुढे टाकली, आणि शाळेत जेवणाच्या वेळी पुढे घुसणाऱ्या पोरांसाठी जो आवाज राखून ठेवलेला असतो त्या आवाजात म्हणाली, "मागे हो. रांगेत."

नर थांबला. तिच्यापासून इतक्या जवळ की त्याच्या श्वासाची वाफ तिला दिसली. दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं. मग त्याने मान झटकली, वळला, आणि मागचे सगळे त्याच्यामागून वळले. कळप फटीवरून पुढे सरकत गोठणाकडे निघून गेला. जमिनीची थरथर बराच वेळ तिच्या तळव्यांत राहिली.

ओइवा धावत आला. त्याला धाप लागली होती. त्याने तिला नुसतं मिठीत घेतलं, हातातल्या ओल्या पँटीसकट.

दुपारी गोठणाशेजारी मोठ्या कढईत मांसाचा रस्सा उकळत होता. बिरेतने दोघांना जाळाजवळ जागा दिली, वाडगे भरून दिले, आणि पुन:पुन्हा वाढलं. हिल्काने रस्सा चाखून आणखी मीठ हवं म्हणून सांगितलं, तेव्हा बिरेतच्या म्हाताऱ्या काकाने मिठाची पुडी तिच्याच हाती दिली. ओइवाची ओढ्यातली हकिगत ऐकून तो म्हातारा हसत हसत जवळजवळ जाळात पडला.

"पुढच्या वर्षी ये," निघताना बिरेत हिल्काला म्हणाली. "नवऱ्याला आणलंस तरी चालेल."

त्या दिवशी दोघं फार लांब गेली नाहीत. जरा वर चढल्यावर एक सपाट जागा लागली, खाली दोन तळी चमकत होती. डाव्या हाताला भावाबरोबरची नेहमीची वाट, उजव्या हाताला एक दरी, जिथे ओइवाही कधी उतरला नव्हता.

"उद्या कुठून जायचं?" त्याने विचारलं. यंदा पहिल्यांदाच तो खरोखर विचारत होता.

हिल्काने उजवीकडे बोट दाखवलं. मग बुटांच्या नाड्या सोडल्या, सॅकला पाठ टेकली आणि पाय लांब केले. ओइवा तंबू ठोकायला लागला, आणि मधेच, स्वत:लाही न कळता, शीळ घालायला.