ताईंच्या फोनवर मी वाजत होते

२००८ साली माझा जन्म झाला आणि त्याच वर्षी माझ्यामुळे दोन सख्ख्या बहिणींचं बोलणं तुटलं. मित्रांनो, मी एक जुनी कॉलर ट्यून आहे. तुम्ही कोणाला फोन लावता आणि पलीकडचा माणूस तो उचलेपर्यंत तुमच्या कानात जे वाजत राहतं, ती मी.

एका दुकानाच्या माळ्यावर, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत मला तयार केलं. क्लॅरिनेटवाल्याला घरी जायची घाई होती आणि ढोलकीवाल्याला भूक लागली होती, त्यामुळे मी भलतीच धावती झाले. "बसलेला माणूस उठून नाचेल!" असं तिथला रेकॉर्डिंग करणारा म्हणाला. मी हुरळून गेले. माणूस कशामुळे खाली बसलेला असतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

पहिली नोकरी मिळाली ती एका वायरमनच्या फोनवर. तो सदा शिडीवर, त्यामुळे फोन उचलायला उशीर करायचा आणि लोकांना मी पुरेपूर ऐकू यायचे. सुरुवातीला कौतुक झालं. पुढे तीच माणसं वैतागली. "घरात मिट्ट अंधार आणि याचा आपला नाच!" असं कोणी म्हणे. एक आजोबा तर थेट मलाच दटावत, "पुरे कर गं बाई आता!" फोन उचलला जाईपर्यंत ऐकणारं कोणी नाही, असं माणसांना वाटतं. पण मी असते. फक्त एक गोष्ट विचित्र आहे. ज्याच्या फोनवर मी राहते, त्याला मी कधीच ऐकू येत नाही.

त्याच शहरात कपडे शिवणाऱ्या एक ताई होत्या. त्यांचे यजमान पुस्तकं बांधायचे. ते आजारी होते आणि त्यांच्या खोलीतला पंखा बंद पडला, म्हणून ताईंनी वायरमनला फोन लावला. मी वाजत असताना मध्येच एका बाईंचा गोड आवाज येई, तसा तो आला, "हे संगीत आपल्या फोनवर हवं असल्यास स्टार दाबा." ताई घाईत होत्या. स्टार दाबला की वायरमन लवकर येईल, एवढंच त्यांना कळलं.

"दाबते हो," असं म्हणून त्यांनी स्टार दाबला. झालं! मी त्यांच्याही फोनवर राहायला गेले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

थोड्याच दिवसांत यजमान गेले. सांत्वनासाठी फोन येऊ लागले आणि प्रत्येकाच्या कानात मी नाचू लागले. "हे काय भलतंच!" दीर पुटपुटले. "अगंबाई, नंबर चुकला की काय!" एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या. पण ताईंनी फोन उचलल्यावर माझ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. अशा वेळी कसं बोलायचं, दुसरं कोणीतरी सांगेलच, असं सगळ्यांनाच वाटलं.

मग धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी होती, पाय प्लॅस्टरमध्ये, म्हणून तिला येता आलं नव्हतं. आधी तिचा हुंदका ऐकू आला. मग मी वाजले आणि हुंदका एकदम थांबला.

"भावोजींचं अंथरूण अजून उचललं नसेल," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि हिच्याकडे बँड?"

फोन बंद झाला. पुन्हा तिनं तो नंबर लावला नाही.

पुढे ताईंच्या फोनमधले पैसे संपले, तशी मी तिथून आपोआप उतरले. वायरमनच्या फोनवर मात्र राहिले. मला काढायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. अशी अकरा वर्षं गेली. मग एका दुपारी त्याला फोन आला आणि ते दोन आवाज मला पहिल्यांदाच एकत्र ऐकू आले. ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. लेकीला सुटी मिळेना, म्हणून तिनं आईला न विचारता मावशीला सोबतीला आणून बसवलं होतं. आणि नेमका पंखा बंद पडला होता.

"स्पीकरवर टाकलाय," धाकटी तुटकपणे म्हणाली. "तूच बोल."

मी वाजू लागले.

"हेच!" ती ओरडली. "भावोजी गेले तेव्हा हेच नाचगाणं होतं तुझ्या फोनवर!"

"शुद्धीवर आहेस ना? मला मेला गजर लावता येत नाही, गाणं कुठलं लावतेय मी?"

"या कानांनी ऐकलंय, ताई. रडत रडत फोन केला होता मी."

"फोन? मिस्ड कॉल दिला होतास! मी स्वयंपाकघरातून येईपर्यंत बंद. नवरा माझा गेला आणि उलटा फोनही मीच करायचा?"

मी आपली वाजतच होते. तेवढ्यात त्या बाईंनी स्टार दाबायला सांगितलं.

"अगं, या बाई!" ताईंचा आवाज एकदम बारीक झाला. "यांचं ऐकलं होतं मी तेव्हा."

"म्हणजे तू स्टार दाबलास?"

"इतक्या आदबीनं सांगत होत्या गं..."

धाकटी हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "तू नको रडूस हं ताई, डॉक्टरांनी बजावलंय."

"मग माझ्या वाटचंही तूच रड."

तेवढ्यात वायरमननं फोन उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?"

"थांबा हो जरा," ताई म्हणाल्या, "अकरा वर्षांचं राहिलंय."

वायरमन आता शिडी चढत नाही, दुकानात बसून इस्त्र्या दुरुस्त करतो. मी अजून त्याच्याकडेच आहे. ताई इस्त्रीच्या निमित्तानं त्याला फोन करतात आणि घरचं सगळं सांगतात, म्हणून मला पुढचं कळलं. लेकीनं आईला नवा पंखा आणला. ताईंना आता सुईत दोरा ओवता येतो. धाकटीचे कान मात्र पुढच्याच वर्षी गेले. फोन वाजलेला तिला कळत नाही. ताई बसनं तिच्याकडे जातात, समोर बसून सावकाश बोलतात आणि धाकटी त्यांच्या ओठांकडे बघत राहते. जे नुसतं फोनवर सहज बोलून झालं असतं, त्यातलं निम्मंही आता बोलून होत नाही.

मित्रांनो, आवडीचं गाणं जरूर लावा. पण अधूनमधून दुसऱ्याच्या फोनवरून आपला नंबर फिरवून बघा, आपल्या दारात काय वाजतंय ते. आणि कोणाच्या दुःखात फोन केलात, तर मी कितीही नाचले तरी माणसाचा आवाज येईपर्यंत फोन ठेवू नका. मला माझं वाजणं आवरता येत नाही. तुम्हाला थोडी वाट बघता येते.