भिजलं का, आप्पा?

"नीलमताई, छातीचा फोटो उघडंना! नुसतं गोल गोल फिरतंय, जत्रंतल्या पाळण्यागत," दवाखान्यातून सारिका सिस्टर फोनवर ओरडत होती. "कस्तुराबाईंची धाप लई वाढलीया. छातीत काय हाय ते दिसल्याबिगर डॉक्टर काय करणार?"

दौंडच्या सहकारी संस्थेत सर्व्हर एकच, आणि त्यावर कामं तीन: दूधसंकलन, दवाखाना आणि पाटाच्या पाळीचा फोन. डिस्क तिघांत सामाईक. कुणी कुणाचा घास ओढू नये म्हणून ज्याच्या-त्याच्या वेगाचा वाटा सर्व्हर सांभाळणाऱ्या नीलमनंच बांधून दिलेला.

दुधाचा वाटा तिनं आवळून पाहिला. पुरेना. राहिला पाळीचा.

पाळीचा फोन म्हणजे तिच्या वडिलांचा, पाटाचं पाणी वाटणाऱ्या सोपानराव पाटकऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, रोज नव्यानं भरून ठेवलेला आवाज. नंबर लावला की ते सांगत, आज पाणी कुणाचं. गेल्या उन्हाळ्यात खुटबावच्या शेतात, स्वतःच्या शेवटच्या वाफ्याला पाणी देता देताच ते गेले. तेव्हापासून त्या नंबरावर कुणी फोन करत नव्हतं. तरी पडद्यावर त्याच्या वापराची रेघ तुडुंब वाहत होती. कुणीतरी पीत होतं.

"बंद कर की ते," दारातून मॅनेजर इंद्रजीत म्हणाले. "गेलेल्या माणसाला कशाला गं वाटा?"

नीलमनं माउसवरचा हात काढून घेतला. पाटावरची रीत एकच. आधीचा माणूस "भिजलं!" अशी हाळी देत नाही, तोवर त्याचं पाणी तोडायचं नाही. आप्पांनी हाळी दिलीच नव्हती.

"ताई, काय तरी करा वो," सारिकाचा आवाज बारीक झाला. तिच्या मागं कस्तुराबाईंचा श्वास करवतीसारखा चालला होता.

नीलमनं दुसऱ्या फोनवरून पाळीचा नंबर लावला. पलीकडं आप्पांचा भरलेला आवाज लागला नाही. नुसतं पाणी वाहत होतं, झुळझुळ, झुळझुळ.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "भिजलं का? दवाखान्याची नड हाय."

पाणी थांबलं.

तिनं काहीही दाबलं नव्हतं. पाळीची रेघ आपोआप खाली बसत गेली, आणि दवाखान्याची चढली.

"उघडला!" सारिका ओरडली. "डॉक्टर, उघडला फोटो!"

ऊन कलल्यावर नीलम खुटबावला गेली. पाट ठणठणीत कोरडा, तळाला भेगा. सगळं रान पडीक. शेवटचा वाफा तेवढा कडेपर्यंत भिजला होता. आणि बांधावर आप्पांचं फावडं उभं होतं, धुऊन-पुसून, काम उरकल्यावर ते ठेवत तसं.