छातीच्या जळजळीवर माईचा ओवा

"माईले आते गच्चीवर चढू दिऊ नको. त्या जिनामा मधमाच थांबतस," असं मोहिनी म्हणाली तेव्हा दिपाली ओढणीच्या टोकाने प्रियलच्या ओठांवरचा मध पुसत होती. लेक अजून धड बसायलाही शिकली नव्हती, आणि सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, नजर चुकवून तिला बोटभर मध चाटवला होता.

"थांबतात म्हणजे?" दिपालीने मान वर न करता विचारलं.

"थांबतस म्हंजे थांबतस. कठडा धरी लेतस. मी सोता दखं."

दिपालीला जावेचा डाव लगेच कळला. गच्चीवरची वाळवणं माईंकडून सुटली की ती कुणाच्या गळ्यात पडणार, हे मोहिनीने आधीच ठरवलेलं असणार. मोहिनीताईच्या तोंडून काळजी निघाली की तिच्या शेपटाला एखादं काम बांधलेलं असायचंच.

"बरं," दिपाली म्हणाली, आणि जिभेवर मध राहिला नाही ना हे बघायला तिने लेकीच्या तोंडात बोट घातलं.

या घरात दुखणं आलं की आधी डबे वाजायचे. हिंगाचा, सुंठीचा, ओव्याचा. पोट फुगलं की बेंबीवर हिंग, कान दुखला की लसणाचं तेल, सर्दी झाली की निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी. त्या धुरीने पोर खोकायला लागली की खोकल्यासाठी पुन्हा धुरी. प्रियल जन्मल्यापासून दिपाली पाळण्याशी पहारा देत होती. रात्री-अपरात्री उठून तिची छाती वर-खाली होते का ते बघायची, आणि दिवसा माईंचे हात कुठल्या डब्याकडे जातात ते. बॉटनी घेऊन ती बी.एस्सी. झाली होती. ओव्याचं लॅटिन नाव तिला येत होतं. पण तो निखाऱ्यावर टाकून तान्ह्या पोराच्या नाकाशी धरू नका, एवढं साधं मराठी या घरात कुणाला समजावता येत नव्हतं.

माईंचा तिला राग तरी यायचा. थोरल्या दिराचा, मोहिनीच्या नवऱ्याचा, उमाकांतचा, रागसुद्धा यायचा नाही. राग यायला समोरचा माणूस थोडा तरी मोठा असावा लागतो.

शहाद्याला उमाकांतचं खता-बियाण्यांचं दुकान होतं. ते बसत चाललं तसा त्याला आपल्या आईचा शोध लागला. 'माईची पुडी' या नावाने तो तिचे व्हिडिओ टाकू लागला. मिक्सरवर वाटणाऱ्या माईंसाठी सुरतेहून पितळी खलबत्ता आला. कपाटातल्या बऱ्या साड्या आत राहिल्या आणि विटकी हिरवी बाहेर आली. "गावठी दिसाले पाहिजे," असं त्याचं म्हणणं. आता दुकानात युरियाच्या गोण्यांशेजारी माईंच्या फोटोची चूर्णाची पाकिटं टांगलेली असायची. मुतखड्यावर पानफुटीचं पान, हा व्हिडिओ त्याने टाकला तेव्हा तो स्वतः सुरतेला दवाखान्यात होता. त्याचा खडा डॉक्टरांनी काढला आणि त्याची गुणकारी पानं लोकांनी चघळली. पित्तावर माईंचा आवळा विकणारा हा माणूस रोज सकाळी उपाशीपोटी मेडिकलची गोळी घ्यायचा. दिपालीने रिकामी पाकिटं कचऱ्यात पाहिली होती. जेवायला वाढताना ती त्याच्या ताटात आवळ्याचं लोणचं हटकून वाढायची. त्याला कधी कळलं नाही.

त्या दिवशी सकाळी शूटिंग होतं. हिवाळा होता, साखर कारखान्याचं गाळप सुरू होतं, आणि पुरुषोत्तमनगरच्या चिमणीचा धूर गावावरून सरकत होता. दिपालीचा नवरा हेमकांत कारखान्यात ड्युटीवर होता. ती प्रियलला कडेवर घेऊन गच्चीवर लंगोट वाळत घालत होती. उमाकांतने फोन तिवईवर चढवला होता आणि माईंना गवती चहाच्या कुंडीजवळ बसवलं होतं.

"माय, फोनमा दख. आनी जरा शुद्ध बोल. पुन्याना लोके बी दखतस."

"छातीत जळजळ होत असेल तर..." माई सुरू झाल्या आणि अडखळल्या. "माले नही जमत रे ते."

"बरं, ऱ्हाऊ दे. आपलीच बोल. लोकेसले गोड लागस."

दिपालीने चिमटा दातात धरून हसू दाबलं.

"छातीमा जळजळ व्हई ऱ्हायनी व्हई, गॅस वर चढना व्हई, ते घाबरानं नही," माई म्हणाल्या. "चिमूटभर ओवा लेवो, काळं मीठ लेवो, चावी चावी खावो. वरथून कोमट पाणी..."

इथे त्या थांबल्या. एक तळवा छातीवर दाबला, डोळे मिटले. दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली गेली आणि जबडा चाचपत राहिली.

"हाईच पाहिजे व्हतं!" उमाकांत कुजबुजला. "वा, माय!"

आता अभिनयसुद्धा, दिपालीच्या मनात आलं. म्हातारीने लेकाचा धंदा चांगला आत्मसात केलाय.

उमाकांतने फोन बंद केला. एरवी फोन बंद झाला की माई काढ्याचा पेला बाजूला सारायच्या आणि खाली वाकून मोहिनीला चहा टाकायला सांगायच्या. आज त्यांनी पेला उचलला आणि ते ओव्याचं पाणी तळापर्यंत प्याल्या. मग ताटलीतला ओवा चिमटीत घेतला. चावला. पुन्हा घेतला.

बंद फोनसमोर कुणी अभिनय करत नाही.

दिपाली लंगोट दोरीवर तसाच सोडून जवळ गेली. तिच्या अंगात स्वेटर होता. माईंच्या ओठांवर घामाचे थेंब होते, आणि ब्लाउज पाठीला चिकटला होता.

"माई, हात दुखतो का? हा डावा?"

"गॅस शे बाई. वर चढस. खांदापावत जास."

"कधीपासून?"

"दिवाळीपासीन. येस, जास. ओवा खादा का बसस."

दिवाळीपासून. एवढ्या दिवसांत दिपालीने या घरात एकच छाती रात्रंदिवस पाहिली होती, आणि ती पाळण्यातली होती. तिने माईंच्या पदराने त्यांचं कपाळ पुसलं. पदर ओला झाला.

"दादा, गाडी काढा. यांना दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता."

उमाकांत हसला. खरंच हसला. "दवाखानामा? माईले?"

"छाती, हात, जबडा. घाम बघा त्यांचा."

"ऊनमा बठनी शे, घाम ईच." तो फोनमधला व्हिडिओ मागे-पुढे करत होता. "दिपाली, तुले समजत नही. शहादामा बठ्ठा वळखतस तिले. लग्नमा बायासनी फोटो काढाले लाइन लाई व्हती. ती इसीजीना लाइनमा बठनी आनी कोन्ही फोटो टाकी दिधा, ते खलास ना!"

"मग नंदुरबारला न्या."

"रविवारे दखू. तोंड बांधीसन लई जासू."

दिपालीने त्याच्याकडे पाहिलं. एवढा वेळ तिला वाटत होतं, हा माणूस लबाड आहे. लबाड माणसाला निदान काय खरं ते ठाऊक असतं.

ती माईंच्या पुढ्यात उकिडवी बसली. "माई, तुम्ही तरी ऐका."

"माले कोठेच जावानं नही." माईंनी तिचा हात बाजूला केला, पण त्या हातात जोर नव्हता. "मी लोकेसले सांगस ओवा खा म्हनीसन. आनी मीच सुई टोचाले जाऊ? लोके थुकतीन मन्हा तोंडवर."

प्रियल आईच्या कडेवर कपड्याचा चिमटा चोखत बसली होती. गाल लाल, डोळे चकचकीत, ठणठणीत पोर. दिपालीने तिला छातीशी घट्ट धरलं. आईने लेकराचं दुखणं खोटं उच्चारू नये, म्हणतात. असल्या म्हणण्यांची तिने आजवर टवाळीच केली होती. तरी बोलायच्या आधी तिने जीभ चावली.

"माई, हिचा श्वास भरून येतोय. सकाळपासून. मला सुचत नाहीये काही."

आता ओव्याची पोटली निघणार, तव्यावर गरम होणार, पोरीच्या छातीवर फिरणार. ते करायला तरी माई खाली उतरतील. आणि एकदा खाली उतरल्या की पुढे बघता येईल. दिपालीचा हिशेब एवढाच होता. लहान मुलांच्या छातीवर ओव्याची पोटली, हा तर माईंचा सगळ्यात गाजलेला व्हिडिओ.

माईंनी ताटली खाली टाकली. ओवा गच्चीभर सांडला.

"उमा, गाडी काढ."

"माय, पोटली गरम करी..."

"पोटली घाल चुल्हामा! पोरले दवाखानामा लई चाल. आत्ते!"

म्हणजे बाईला ठाऊक होतं. कुठल्या-कुठल्या गावांतल्या आया हिला लेकरांसाठी विचारायच्या, त्यांना पोटली. आणि नातीला मात्र डॉक्टर. तिला कधी नव्हती एवढी शिसारी आली. त्या शिसारीतच तिने माईंच्या काखेत हात घातला आणि त्यांना उठवलं.

जिन्यात माई पूर्ण भार टाकून उतरल्या. खाली मोहिनी उभी होती. तिने माईंच्या चपला सरळ करून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर होते, एकेकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. उमाकांत हॉर्न वाजवत होता आणि ड्रायव्हरांना शिव्या घालत होता. मागच्या सीटवर माईंनी प्रियलला मांडीवर घेतलं, तिचं झबलं वर केलं आणि उघड्या पाठीला कान लावला. प्रियलने त्यांच्या गळ्यातली पोत पकडली आणि खिदळली. माईंनी कान काढला नाही. बराच वेळ त्या तशाच वाकून ऐकत राहिल्या.

मग त्यांनी झबलं खाली ओढलं, सरळ केलं, आणि दिपालीकडे पाहिलं.

दिपाली काचेबाहेर बघू लागली. आता गाडी वळवा म्हणतील. आता आरडाओरडा होईल.

"दिपाली," माई अगदी हळू म्हणाल्या, "उमाले सांग, जराशी जोरमा चालाव म्हना."

शहाद्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली आणि खुर्चीवरून उठलेच. त्याच दिवशी ॲम्ब्युलन्सने सुरतेला हलवलं. हेमकांत कारखान्यातून थेट, मळीचा वास अंगावर घेऊनच, गाडीत चढला. उमाकांतने तेवढ्यात काउंटरवर आईचं माहेरचं नाव लिहून दिलं होतं, कुणी ओळखू नये म्हणून. ते नाव सुरतेपर्यंत तसंच गेलं. नर्स त्या नावाने हाका मारत राहिली आणि शुद्धीत असूनही माईंनी ओ दिली नाही. शेवटी हेमकांतने भांडून ते बदलून घेतलं.

माई वाचल्या. रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवून घरी आल्या. आता त्या वेळच्या वेळी गोळ्या घेतात आणि तिवई दिसली की भिंतीकडे तोंड करून झोपतात. दिपालीशी त्या फार बोलत नाहीत, दिपालीही त्यांच्याशी नाही. प्रियलला मात्र कुणी न सांगता त्यांच्या मांडीवर ठेवलं जातं.

पण तो व्हिडिओ लोकांपर्यंत गेला. आई आत ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि उमाकांतने सुरतेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून, खाली बासरी जोडून, तो टाकला. इतका कुठलाच चालला नव्हता. छातीवर हात, मिटलेले डोळे, जबड्यावर फिरणारी बोटं. लोकांनी लिहिलं, माई किती छान समजावून सांगतात. लोकांनी लिहिलं, अगदी असंच होतं. 'कुठून बघताय?' असं उमाकांत दरवेळी विचारतो, म्हणून लोक गावाचं नावही लिहितात.

तिथे एका बाईने लिहिलं होतं, 'माझ्या आईला पण रोज असंच होतं, घामपण येतो. आजपासून ओवा चालू केला. थँक्यू माई. रविना, नवापूर.'

दिपालीने खाली लिहिलं, ओवा देऊ नका, आजच डॉक्टरांना दाखवा, या माई आत्ता आयसीयूमध्ये आहेत. सकाळी बघते तर तिचं उत्तर पुसलेलं, आणि तिला तिथे काही लिहिता येईना.

"धंदानी गोट शे, दिपाली," उमाकांत म्हणाला. "तू पोर सांभाळ."

माईंना घेऊन सुरतेहून परतताना नवापूरला हायवेवर चहासाठी गाडी थांबली तेव्हा दिपालीने टपरीवाल्याला विचारलं, इथे रविना नावाचं कुणी माहीत आहे का. तो हसला. कोणती रविना, म्हणाला. पोल्ट्रीवर कामाला जाणारी आहे, शाळेतली आहे, बाजारात बसणारी आहे. आडनाव सांगा.

आडनाव त्या ओळीत नव्हतं. आई तिच्याजवळ राहते की दुसऱ्या गावी, तेही नव्हतं. तुम्ही नवापूरकडचे असाल, किंवा तुमचं कुणी तिकडे असेल, तर एवढं करा. रविना नावाची जी-जी बाई माहीत असेल तिच्या घरी जा आणि तिची आई कशी आहे ते विचारा. बरी आहे म्हणाली तरी आत जाऊन बघा.