पांढरी न्हाणी

कनकाअम्मांच्या डोक्यातून घराची एकेक खोली निघून जात होती. स्वयंपाकघरात गेल्या की आपण कशाला आलो ते आठवेना, मग त्या फळीवरचा डबा उघडून पुन्हा लावून ठेवत. बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या की थोड्या वेळाने विचारत, "हे कोण आलेत आपल्याकडं?" पण न्हाणीघरात त्यांना कुणी काही सांगावं लागत नसे. दार लोटलं की उजवा हात आपोआप बटणाकडे जाई, पदर खोचला जाई आणि कोपऱ्यातल्या तोट्टीत, म्हणजे सिमेंटच्या बांधीव टाकीत, पितळी तांब्या बुडे. आतून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला की बाहेर बसलेले त्यांचे यजमान गुंडोराव पेपराचं पान उलटत.

ऊर्मीला तो आवाज ऐकायची सवय झाली होती. ती नाशिकची. चेन्नईजवळ सिरुसेरीच्या एका कंपनीत नोकरीला लागली, तिथल्याच एका मैत्रिणीच्या ओळखीतून वेंकट भेटला. तंजावरकडचं मराठी घराणं, पण दोन पिढ्या चेन्नईतच गेलेल्या. वेंकट मराठीपेक्षा तमिळच बरी बोलायचा. वेस्ट मांबलमच्या या जुन्या फ्लॅटमध्ये ती सून म्हणून आली तेव्हा तिच्याशी मनापासून मराठी बोलणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे सासूबाई. त्यांचं मराठी ऐकून पहिल्यांदा ऊर्मीला हसूच यायचं. शब्द जुने, हेल तमिळ. "न्हालीस का गे, कन्ना? जेवूंया चल." कन्ना म्हणजे बाळ. नाशिकला फोनवर आईला ती नक्कल करून दाखवायची. नंतर तिची नक्कल करायची इच्छाच गेली. ऑफिसातून थकून आलं की जिना चढतानाच तिला ते "कन्ना" ऐकायचं असायचं.

अम्मा पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. तमिळ, इंग्रजी, हिंदी, तेलुगू, सगळ्या भाषांत त्यांनी लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. आता त्यांना फोन वाजला तरी दचकायला व्हायचं.

पावसाळ्याच्या आधी त्या न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं आणि कमरेवर मोठा काळानिळा डाग उठला. डॉक्टर म्हणाले, उजेड हवा, धरायला दांडे हवेत, जमीन घसरडी नको.

ऊर्मीने त्या दिवशी प्रथमच न्हाणीघराकडे नीट पाहिलं. कमरेइतक्या उंचीपर्यंत तपकिरी टाइल्स, त्यांच्या फटींत काळं साचलेलं. वर शेवाळी रंगाचा डिस्टेंपर, त्याचे पापुद्रे सुटलेले. बोअरच्या खाऱ्या पाण्याने नळांवर पांढरे थर. छताजवळ काचेच्या पट्ट्यांची एक छोटी खिडकी आणि एक पिवळा बल्ब. दिवसासुद्धा आत काळोखच.

"अप्पा, ही न्हाणी आपण नीट करून घेऊ," ती म्हणाली.

"करूंया," गुंडोराव म्हणाले. ते नेहमी असंच म्हणत. नकार देत नसत, पण त्या शब्दाच्या पुढे काही होत नसे.

तंजावरला अम्मांची धाकटी बहीण कमलिनी राहायची. तिच्या नातवाची मुंज निघाली तशी ऊर्मीने संधी साधली. गुंडोराव आणि अम्मा गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रजा टाकून आर्यगौडा रोडवरच्या दुकानातून रंग, रोलर, पॉलिश पेपर आणि चिकटपट्टी आणली. तोडफोड करायची नव्हती. तेवढे पैसेही नव्हते आणि वेळही नव्हता. व्हिडिओ पाहून पाहून तिने सगळं शिकून घेतलं होतं. आधी टाइल्स सोड्याने धुतल्या. मग पॉलिश पेपरने घासून त्यांची चमक उतरवली, नाहीतर रंग धरत नाही. प्रायमरचा हात दिला. दार लावून काम करताना घाम डोळ्यांत उतरायचा आणि रंगाच्या वासाने डोकं भणभणायचं, पण ती थांबली नाही. टाइल्स शुभ्र पांढऱ्या झाल्या, वरची भिंत मोतिया. दाराला तिने समुद्रासारखा निळा दिला.

प्लंबर येऊन भिंतीला दोन दांडे बसवून गेला, हातात धरायचा शॉवर लावून गेला. वेंकटची नोकरी ओरगडमच्या कारखान्यात; तो रविवारी मोकळा झाला, त्याने पांढरा दिवा आणि गोल आरसा लावला. तोट्टीत डास होतात म्हणून ती रिकामी केली, तिच्यावर फळी टाकून टॉवेल ठेवायला जागा केली. पितळी तांब्या ऊर्मीने चिंचेने घासून देवघराजवळ ठेवला. खाली रबराची चटई अंथरली.

काम संपल्यावर दोघं दारात उभे राहिले.

"आपल्या घरातलंच आहे ना हे?" वेंकट म्हणाला आणि हसला. ऊर्मीला फार बरं वाटलं. या घरात येऊन तिने पहिल्यांदाच काहीतरी स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि तेही अम्मांसाठी.

गुंडोराव आणि अम्मा तंजावरहून सकाळच्या गाडीने आले. प्रवासाने अम्मांचा चेहरा उतरला होता. ऊर्मीने पाणी तापवून ठेवलं होतं. तिने त्यांचा हात धरून त्यांना न्हाणीघराशी नेलं आणि निळं दार उघडून दिवा लावला.

अम्मा उंबऱ्यावरच थांबल्या. आत वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि ऊर्मीलाही हसू आलं.

"किती छान आहे," अम्मा म्हणाल्या. "लख्ख. असं पांढरं मला फार आवडतं. आमच्या घरी न्हाणीत नुसता काळोख. मी ह्यांना किती वर्षं सांगतें, पांढरी करून घेऊंया म्हणून. हे करूंया म्हणतात. ह्यांना ऑफिसांतून वेळच नाही मिळत."

ऊर्मीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मागे खुर्चीत बसून गुंडोराव बुटांच्या नाड्या सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. एक नाडी सुटली होती, दुसरीची गाठ ते बोटांनी नुसती चाचपत राहिले.

"अम्मा, ही आपलीच आहे," ऊर्मी म्हणाली. "तुमच्यासाठीच केली. चला, आंघोळ करून घ्या, गरम पाणी आहे."

अम्मांनी अदबीने हात सोडवून घेतला. "नक्को हो. दुसऱ्यांच्या घरी येऊन न्हाणं बरं नाही. आम्ही घरी जाऊन न्हातों." आणि मग जरा वाकून, कानात सांगावं तसं त्यांनी विचारलं, "तुमचं नांव काय म्हणालांत?"

तुमचं. ऊर्मीला आधी तोच शब्द लागला. नाव विसरणं तिने धरूनच ठेवलं होतं, कधीतरी ते होणार होतं. पण अम्मांनी तिला आजवर कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"ऊर्मी," ती म्हणाली.

"चांगलं नांव आहे," अम्मा म्हणाल्या.

तिला वाटलं, प्रवासाचा शीण असेल, एक-दोन दिवसांत ओळख पटेल. ती पटली नाही. डॉक्टरांकडे नेऊन आणलं, तरीही नाही. इतके दिवस त्या घरात कितीही हरवल्या तरी सकाळी न्हाणीघरात गेल्या की त्यांना कळायचं की आपण आपल्या जागी आहोत. आता तेवढी एक जागाही उरली नाही. त्या पाहुण्या होऊन राहू लागल्या. सकाळी उठून दोन साड्या घडी घालून पिशवीत भरत आणि बैठकीच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून राहत. जेवायला बोलावलं तर आधी नाही म्हणत, मग थोडंसं वाढून घेत. "फार त्रास झाला तुम्हांला," म्हणत ताट स्वतः उचलायला जात. संध्याकाळ झाली की गुंडोरावांना विचारत, "निघूंया का? गाडी चुकेल."

न्हायला मात्र त्या तयार होईनात. ऊर्मीने समजावलं, वेंकटने तमिळमध्ये समजावलं. ओढून नेलं तर त्या आरशात पाहून मागे सरकत आणि म्हणत, "आंत कुणी बाई आहेत, त्यांचं होऊंदे." ऊर्मीने आरसा काढून टाकला. तोट्टीवरची फळी उचलली, ती पाण्याने भरली, तांब्या परत नेऊन ठेवला. पिवळा बल्बही लावून पाहिला. पांढऱ्या भिंतींवर तो उजेड आजाऱ्यासारखा दिसायला लागला. अम्मा दारापर्यंत येत, कौतुकाने बघत आणि परत फिरत.

कितीतरी दिवस ऊर्मी त्यांना पलंगावर बसवून ओल्या कपड्याने पुसून काढत होती. परक्या बाईने अंग पुसावं याची अम्मांना इतकी लाज वाटायची की त्या डोळे घट्ट मिटून घेत.

एका दुपारी ऊर्मी तपकिरी रंगाचा डबा घेऊन आली. गुंडोराव एकटेच जागे होते. अम्मा आत झोपल्या होत्या.

"अप्पा, मी परत होती तशी करते. हुबेहूब नाही होणार, पण तपकिरी करते."

गुंडोरावांनी डब्याकडे पाहिलं. "नक्को," ते म्हणाले.

"माझ्यामुळं झालं हे."

"डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस की. आज ना उद्या होणारच होतं म्हणाले."

"पण आज झालं ते माझ्यामुळं."

खोटा दिलासा द्यायची गुंडोरावांना सवय नव्हती. रस्त्यावर पाण्याची लॉरी येऊन उभी राहिली होती, बायकांच्या घागरींचा आवाज वर येत होता. तिकडे पाहत ते म्हणाले, "ती रोज मला सांगते, ह्यांची न्हाणी बघा किती छान आहे. रोज सांगते. माझ्या घरांत तिनं कुठली गोष्ट छान म्हटलेली मला आठवत नाही, ऊर्मी. नव्हतंच काही म्हणण्यासारखं. राहूंदे ती पांढरी."

ऊर्मीने डबा जिन्याखालच्या अडगळीत ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडोरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस विंचरले आणि खुर्चीच्या टोकावर बसलेल्या आपल्या बायकोसमोर येऊन उभे राहिले. "कनका, घरच्या बाई फार आग्रह करतायत. न्हाऊन जा म्हणतायत. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल."

अम्मांनी ऊर्मीकडे पाहिलं. "हो, न्हाऊन घ्या ना. मला बरं वाटेल," ती म्हणाली.

"तुम्हांला पाणी कमी पडेल," अम्मा म्हणाल्या.

"परवाइल्ले," गुंडोराव म्हणाले. "काही हरकत नाही, भरपूर आहे पाणी."

अम्मा उठल्या. दांड्याला धरून आत गेल्या. गुंडोराव त्यांच्याबरोबर गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. पूर्वीसारखा धबधबा आवाज आला नाही. थोडं थोडं, जपून वापरलेलं पाणी पडत होतं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी टॉवेल नीट घडी घालून ऊर्मीच्या हातात दिला.

मग रोज तसंच होऊ लागलं. रोज सकाळी नवा आग्रह, रोज नवी ओळख. वेंकटला ते पाहवत नसे. सकाळची पाळी नसली तरी तो लवकर बाहेर पडे. ऊर्मी मात्र नेमाने यजमानीण व्हायची. तिच्या लक्षात आलं की त्या आंघोळीनंतर थोडा वेळ अम्मांची चुळबुळ थांबते, कुणी आपल्याला मानाने वागवलं म्हणून त्या निवांत बसतात. तेवढ्यासाठी ती सगळं करायची. ऑफिसचा कॉल चालू असला तरी तो म्यूट करून ती उठायची आणि दारात जाऊन म्हणायची, "या ना, न्हाऊन घ्या."

मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्ष-पौषातल्या, थंडीत अम्मांना खोकला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटची आंघोळ केली. त्या दिवशी त्या खूश होत्या. ओले केस पाठीवर सोडून त्या बैठकीच्या खोलीत बसल्या, ऊर्मीने त्यांना कॉफी दिली.

"तुमचं घर चांगलं आहे हो," अम्मा म्हणाल्या. "मनं पण चांगली आहेत. तुम्ही एकट्याच करतां सगळं?"

"नाही. सासूबाई आहेत माझ्या."

"कुठं आहेत? दिसल्या नाहीत एकदांही."

ऊर्मीने त्यांच्या हातातला पेला सावरला. कॉफी सांडायला आली होती.

"गावाला गेल्यात," ती म्हणाली.

"चांगल्या आहेत का तुमच्याशी?"

"हो. फार चांगल्या आहेत."

"आल्या की माझा नमस्कार सांगा," अम्मा म्हणाल्या. "म्हणावं, तुमच्या सुनेनं आमचं फार केलं."

"सांगते," ऊर्मी म्हणाली.

अम्मांनी कॉफी संपवली आणि गुंडोरावांकडे वळून विचारलं, गाडीला अजून किती वेळ आहे. वेळ आहे, असं त्यांनी सांगितलं. मग त्या पिशवी मांडीवर घेऊन शांत बसून राहिल्या, आणि ऊर्मी आत जाऊन न्हाणीघराची ओली जमीन पुसू लागली.