तांब्यातलं मूळ

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. तरी त्या दिवशी रेणापुरात टँकरपेक्षा जास्त गर्दी कुंकूबाबाच्या मांडवात होती.

"बाई, डोळे मीट! पोटातलं रोगाचं मूळ तांब्यात उतरून राहिलंय!"

सकाळी बाबानं पाण्याच्या तांब्यात मंतरलेलं कुंकू टाकून तोंड बांधलं होतं. संध्याकाळी फडकं सोडलं, तर आत मुठीएवढा लाल, लिबलिबीत गोळा. बायकांनी हात जोडले.

"नदीत सोड. कुणी तपासलं तर परत चिकटंल!" बाबानं बजावलं.

तांब्या शिवकांताचा होता. नवऱ्यानं टाकल्यापासून ती थोरल्या भावाकडे, गुरुलिंगकडे राहायची. तागडीशेजारी पुस्तक उघडं ठेवणारा हा साठीचा किराणावाला मांडवाच्या कडेला उभा होता. त्याला ओरडावंसं वाटलं. पण एवढ्या लोकांत न मानणारा आपण एकटेच. आपलंच चुकत असलं तर? त्यानं उचललेलं पाऊल मागं घेतलं.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी शिवकांताला त्याच्यासमोरच समजावलं होतं, "हा कॅन्सर नाही. गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बदलल्यात. सोडून दिलं तर पुढं होऊ शकतो. डाग लहान आणि पूर्ण दिसणारा असता तर नुसता गोठवला असता. तुमचा आत शिरलाय, म्हणून भूल देऊन तेवढाच शंकूसारखा तुकडा काढू. गोठवल्यावर तपासायला काही उरत नाही. तुकडा मात्र सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो, कडेला रोग राहिला का ते कळतं. पिशवी काढायची गरज नाही."

शिवकांताच्या कानात 'काढू' एवढंच राहिलं होतं, म्हणून ती बाबाकडे आली होती.

"अण्णा, नदी तर कोरडी ठाक हाय. कुठं सोडू ह्याला?"

"ठेव ताटात."

दोन दिवसांच्या उन्हात गोळा गेला. उरले लालसर, कडक पापुद्रे. गुरुलिंगनं एक चिमटीत धरला आणि दुकानातला डबा उघडला. आत तसेच पापुद्रे, फक्त पांढरे. कतिरा! सरबतात भिजवून फुगवायचा डिंक. आठवड्यापूर्वीच बाबाचा चेला घेऊन गेला होता. प्यायला पाणी न्हाई, सरबत कोण करतंय, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

दुसऱ्या सकाळी तो शिवकांताचा तांब्या घेऊन मांडवात गेला. सगळ्यांसमोर त्यानं तांब्यात पाणी, कुंकू आणि चिमूटभर कतिरा घालून फडकं बांधलं.

"माझं चुकत बी असंल. संध्याकाळी बघू."

"किराणावाल्या, देवाला तागडीत घालतो का रं?" बाबा म्हणाला. सगळे हसले.

संध्याकाळी त्यानं फडकं सोडलं. तसाच गोळा. कुणी हसलं नाही. शिवकांता पुढं आली.

"आता ह्यो कुणाच्या पोटातला, बाबा?"

बाबा दुसऱ्या दिवशी गावातून गेला. पण लोक गुरुलिंगवरच रुसले. चार दिवस दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. तो पुस्तक वाचत बसे. पान मात्र उलटत नसे.

पाचव्या दिवशी तो शिवकांताला घेऊन लातूरच्या एस.टी.साठी उभा राहिला. शेजारची गुणाबाई पिशवी छातीशी धरून जवळ आली. त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "मला बी डॉक्टरीणबाईला दाखवायचंय. तुम्ही आधी सांगायचं व्हतं, अण्णा."

"व्हय. आधीच बोलायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "आता एवढंच ध्यानात ठेव, गुणाबाई. कुणी बी रोग काढला म्हणलं, तर तपासू द्या म्हणायचं. खरा माणूस तपासायला भीत न्हाई."